आठ वर्षं ‘उत्तम’

तंजावूर, २८ जानेवारी २००२

चि. श्रीकर, अक्काचे तुला पोटभर आशीर्वाद.

इथे सगळे खुशाल. तुझा खोकला गेला का? फोनवर बोलवेना, म्हणून लिहिते.

तू मद्रासला माझा गुडघा बदलवलास, त्याला आठ वर्षं झाली. डॉक्टरांचं कार्ड दरवर्षी येतं: दुखतं का, जिना चढता का? मी दरवर्षी ‘उत्तम’ लिहिलं. ते तुझे मित्र, तुला मान खाली घालावी लागू नये म्हणून. खरं तर त्यांनी बजावूनही मी दर मार्गळी महिन्यात पहाटे दारात उकिडवी बसून पिठाच्या रांगोळीचे कोलम काढत राहिले. चार वर्षं झाली, काठीशिवाय चालवत नाही.

काल तिरुवैयारूच्या गंगाबाई आल्या, त्यांचाही गुडघा गेलाय. डॉक्टरांनीच पाठवलं होतं, “तंजावूरच्या अंबाबाईंना बघून या” म्हणून. मी काठी कपाटामागे लपवली आणि दात आवळून अंगणभर चालून दाखवलं. बाईंनी डोळे पुसले. “आता मीपण ऑपरेशन करून घेते. पुन्हा कोलम काढीन,” म्हणाल्या.

रात्री यंदाचं कार्ड काढून बसले रे. सोबतचं कार्ड खरं भरलंय. तूच डॉक्टरांच्या हातात दे. गंगाबाईंना म्हणावं, ऑपरेशन जरूर करा, पण कोलम सुनेला काढू द्या.

काठी आता दाराशीच ठेवते, येणाऱ्याला आधी दिसेल अशी.

तुझी,
अंबाक्का