मशीनचं दुसरं टोक

गोरेगाव, जि. गोंदिया
२३ ऑक्टोबर २०१३

प्रिय राजदीप,

जयभीम. रागातच लिहून राहिले आहे, हे आधीच सांगून ठेवते. रविवारी फोनवर तू तुझं बोलून घेतलंस आणि शिफ्टला निघून गेलास. मी मात्र फोन हातात धरून घरापुढच्या सपरीत उभी राहिले. "ते कबाड चुन्नीलालले देऊन टाक, सपरी मोकळी कर, अन् तू पण इकडेच ये." म्हणे चाकणची कंपनी पर्मनंट करून राहिली, दिवाळीनंतर सही करायची, मग तीन वर्षं कुठं हलता येणार नाही. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं. आणि आपलं फोनवरचं बोलणं तरी काय असतं? जेवलास का, जेवली का, ठेवतो. आयटीआयमध्ये असताना तू फिटरच्या वर्गातून मला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात चिठ्ठ्या पाठवायचास, त्या पाठपोट लिहिलेल्या असायच्या. म्हणून म्हटलं, आपणही एकदा पाठपोट लिहावं. तुझ्या आईंसमोर मी तुला तुम्ही म्हणते, इथं तू म्हणणार आहे. पत्र फोनवर आईंना वाचून दाखवू नकोस म्हणजे झालं.

कबाड म्हणालास ना, त्याचं मला जास्त लागलं. विहाराच्या दरवाज्यावर तू पिंपळाची पानं कोरत होतास ते दिवस आठव. पटाशी धरून धरून तुझा अंगठा एवढा सुजला होता की मी तुला घास भरवले आणि आई तोंड फिरवून हसल्या. त्यानंतर नागपूरला माझ्या हिमांशुदादाकडे गेलो असताना तू प्रदर्शनात ते मशीन पाहिलंस. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची आणि मशीननं ती लाकडात आपोआप कोरायची. किंमत ऐकून तू रात्री जेवलाही नाहीस. मग कुठून तरी तुला इंटरनेटवर तो अमेरिकेतला म्हातारा सापडला. तसलं मशीन घरच्या घरी कसं बांधायचं याचे नकाशे तो विकायचा. हिमांशुदादाच्या कार्डावरून आपण ते घेतले. गोंदियाच्या नेट कॅफेत पानं उघडली तेव्हा तू माझा हात किती जोरात दाबला होतास! बांगडी वाकली माझी. चुन्नीलालच्या लाकूड कापायच्या आरा मशीनवर ही गोष्ट गेली तर तो पोट धरून हसला. "मशीन कहाँ है? कागज खरीद के लाया तू?" गावभर झालं, राजदीपनं कागद विकत घेतला.

आपल्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं रे. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतले आणि येताना एसटीत मांडीवर गठ्ठा ठेवून पान पान पाहत आलो. इंग्रजी निम्मं कळत होतं, निम्मं चित्रांवरून. शेवटाकडे एक फोटो होता, तो म्हातारा आणि त्याची बायको मशीनचा आडवा पूल दोन बाजूंनी उचलून रुळांवर ठेवताहेत. तू म्हणालास, "पाह्य, यानं पण बायकोलेच धरलं कामाले. हा मी, अन् ही तू." मी म्हटलं, तो टकला आहे, तेवढं तुझ्याशी जुळते. मागच्या सीटवरची बाई आपल्याकडे पाहून हसली होती. तो एसटीचा प्रवास मला हल्ली रोज आठवतो, भांडी घासताना, कोणाच्या घरी वायरिंग करताना, कधीही.

मग ते बाजूच्या फळ्यांचं झालं. नकाशातले साचे कागदावरून कापून तू प्लायवर चिकटवलेस, एक एक छिद्र पाडलंस, आणि विकत आणलेले रॉड काही केल्या त्यात बसेनात. पुन्हा कापल्यास, पुन्हा तेच. तुझ्या हाताला असा दोष कधी नव्हता. आधी तू स्वतःला शिव्या दिल्यास, मग त्या म्हाताऱ्याला. आपल्याला फसवलं, कागद विकून गेला, चुन्नीलाल बरोबर बोलत होता. मग चाकणहून नोकरीचा निरोप आला आणि तू बॅग भरलीस. "सहा महिन्यात मशीनच्या मोटरीचे पैसे जमवून येतो." मोटरी आल्या पार्सलनं. तू नाही आलास. त्यानंतर गावात दिवाळीच्या दोन मंडया होऊन गेल्या. मंडईच्या जत्रेला लेकीबाळी माहेरी येतात, दंडारीचा नाच होतो, रात्रभर नाटक चालतं, आणि मी तुझ्या आईंसोबत पहिल्या रांगेत बसून मागे वळून वळून पाहते. शेजारची अल्का विचारते, काऊन वो, कोणाले शोधून राहिली? तिला ठाऊक असते, तरी विचारते.

आता ऐक. या पावसाळ्यात वायरिंगची कामं बंद होती, घरात बसून जीव नुसता आंबून गेला होता. म्हणून मी तो गठ्ठा काढला आणि डिक्शनरी घेऊन पहिल्या पानापासून वाचत बसले. प्रत्येक साच्याच्या कोपऱ्यात एक चौकोन आहे, आठवते का? आपण समजलो होतो, कंपनीचा शिक्का असेल. शिक्का नाही रे बाबा! शेजारी बारीक अक्षरात लिहिलं आहे, कापायच्या आधी हा मोजा, चार इंच भरला पाहिजे. मी तुझी पट्टी लावली. एक सूत कमी. दुसऱ्या पानावर एक सूत कमी. सगळ्याच पानांवर. आणि मग मला तो झेरॉक्सवाला आठवला. "चिंता मत करो भाभी, पन्ना पूरा बैठा देता हूँ." त्यानं बिचाऱ्यानं कागदावर पूर्ण मावावं म्हणून चित्र थोडं लहान करून छापलं होतं, आणि आपण त्याला वरून चहा पाजला. रॉड खरे होते, आपलं माप लहान होतं. म्हातारा चोर नव्हता, राजदीप. आणि तुझा हात तर नव्हताच चुकला. मी जमिनीवर बसून हसले, मग रडले. आई धावत आल्या, त्यांना वाटलं विंचू चावला.

मी पुन्हा छापून आणले, आधी चौकोन मोजला मगच दुकानदाराला पैसे दिले. फळ्या चुन्नीलालकडेच कापल्या. तो बघत होता, हसला नाही. छिद्रात रॉड घातला तर असा गेला, जसा काही तिथंच जन्मला होता. मग रूळ बसवले, तुझ्या मोटरी बसवल्या, वायरिंग तर माझंच काम. पहिल्यांदा मोटर फिरली तेव्हा आईंनी कपाळाला हात लावला, "मायवं, हे त जितं झालं!" तेव्हापासून त्या सकाळी उठल्या की विहारातल्यासारखा त्याच्यापुढेही झाडू मारतात. तुला फोनवर सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला तुझं तोंड पाहायचं होतं ते ऐकताना. म्हटलं, मंडईला येईल तेव्हा सपरीत नेऊन दाखवू. आणि तू रविवारी त्याला कबाड म्हणून मोकळा झालास.

तुझी आठवण येते, हे काय वेगळं लिहायचं? तरी लिहिते. लाकडाच्या भुशाचा वास आला की येते. तुझी पेन्सिल मी कामाला जाताना कानावर खोवते, लोक हसतात, हसू दे. लवकर येणारा हलका धान कापून झाला, शिवारात सगळीकडे गंजी लागल्या आहेत, संध्याकाळी थंडी पडून राहिली आहे. आई दीक्षाभूमीहून आल्या तेव्हा तुझ्यासाठी एक मफलर घेऊन आल्या. चाकणला पाठव म्हणाल्या. मी पाठवला नाही. कायले पाठवू? इथं घाल ना.

आता खरं काम सांगते, ज्यासाठी एवढं लिहिलं. नकाशातलं मी सगळं केलं, त्या फोटोच्या पानापर्यंत. आडवा पूल जोडून तुझ्या जुन्या चादरीवर ठेवला आहे. तो दोन्ही बाजूंनी एकदम उचलून रुळांवर बसवायचा असतो, एकट्यानं उचलला तर बेअरिंग वाकतात. चुन्नीलाल म्हणाला दोन माणसं पाठवतो, पाच मिनिटांचं काम. आई म्हणाल्या, मी धरते वो. मी दोघांनाही नाही म्हटलं. माणसं पायलीची पन्नास मिळतात, ते मलाही कळते. सहीचं तू ठरव. केलीस तर मी भांडीकुंडी घेऊन चाकणला येईन, तोंड पाडून नाही, नीट येईन, कारण मशीनशिवाय माझं भागेल, तुझ्याशिवाय आता खरंच भागत नाही. फक्त सही करायच्या आधी एकदा ये. भाऊबीजेनंतर आपली मंडई आहे, महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियाला सोडते, स्टेशनवर मी येते. घरी आलास की आधी हात धू, मग चहा पी, मग सपरीत ये. डावी बाजू मी धरते. उजवीला मी अजून कोणाचा हात लागू दिला नाही.

त्या फोटोतली, तुझीच,
नीला