बंद पाडलेले फोन

प्रिय धटिंगणा,

आई म्हणाली, नवा पाय बसवलाय आणि तू नर्सवर खेकसतोस. म्हणजे तब्येत सुधारतेय! माझं नाव काढलं की मात्र भिंतीकडे तोंड करतोस म्हणे. कर बापडा.

माझं काम तुला कधी सांगता आलं नाही. आता सांगते, खड्ड्यात गेलं ते गुपित. शत्रूचे फोन ऐकायचे, एवढंच. नदीपलीकडच्या चौकीतला एक हवालदार इतका खोकायचा की त्याला काढा सुचवावासा वाटे. तुमची पलटण पुलावरून न्यायची हे ठरलं तेव्हा पायदळाचे साहेब होते, हवाई दलाचे होते. आम्हाला कोण विचारतो! पुलाबद्दल काही कानावर आलं तर कळवा, एवढंच फर्मान आलं. मी ऐकत बसले.

खालच्या मजल्यावर संगणकवाली पोरं. त्यांना वेगळाच हुकूम: पलटण निघाली की पलीकडचे सगळे फोन बंद पाडा. पाडले, अगदी चोख. टाळ्या वाजवल्या, त्या वरपर्यंत ऐकू आल्या. मी कान लावून बसले होते तेच फोन रे! तो हवालदार ‘पुलाखाली’ एवढंच म्हणाला आणि सगळं गप्प. मी वायरलेसच्या खोलीत धावले, घसा फोडून ओरडले. तिथला साहेब म्हणतो, एका शब्दावर पलटण थांबवत नसतात. या हाताचं त्या हाताला ठाऊक नाही, आणि पुलाखालच्या सुरुंगात पाय गेला तुझा.

आता मेल्यांना शहाणपण सुचलंय. सगळ्या दलांची एकच खोली, एकच टेबल, संगणकवाले नि आम्ही शेजारी शेजारी. तिथे मला खुर्ची देऊ केली. अट एवढीच, फोन आपणच पाडले हे झाकून चौकशीत सांगायचं की आमचं यंत्र बिघडलं होतं. तुझ्या पायाच्या बदल्यात खुर्ची! मी तोंडावर नकार दिला. तेव्हापासून मी कामावर झोपले होते, अशी आवई उठवलीय त्यांनी.

लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही. आईही हल्ली माझ्याशी जपून बोलते. पण माझ्या कडेवर वाढलेला तू, तूही खरं मानलंस? फार लागलं रे मला ते. उद्या चौकशीवाले तुझ्या खाटेशी येतील, माझ्याविरुद्ध तुझा जबाब घ्यायला. खुशाल दे. फक्त तो जबाब मला समोर बसवून दे.

तू बोलत नसलास तरी तुझीच,
ताई