दोनदा धुतलेलं फॉस्फेट

३ तारीख, सकाळी ८
दहा दिवस आम्लात उकळलेलं झिर्कोनियम फॉस्फेट आज खाली उतरवलं. पांढरंशुभ्र! आजपासून आळस बंद. लॅबमधली ज्युनिअर म्हणाली, पीएच पेपर लाल होईनासा होईपर्यंत धुवा, निदान बारा वेळा. पीएचडीचं सहावं वर्ष आहे माझं, आणि ही मला शिकवणार! दोनदा धुतलं. आम्ल कुठे दिसतंय?

४ तारीख
पावडर वाळूनही चिकट. नवा गुणधर्म असणार.
घरी बायकोची तीच कुरकुर. म्हणे, तू विसळलेल्या कपातल्या चहाला साबणाची चव येते. बारीकसारीक गोष्टींत अडकतात माणसं.

६ तारीख, दुपारी
शोध लागला! मशीनमध्ये तापवल्यावर वजन तेवीस टक्के घटलं. पुस्तकात बारा. म्हणजे माझ्या पदार्थाच्या थरांमध्ये जवळजवळ दुप्पट पाणी राहतं. पेपरचं शीर्षकही ठरवलं. बायकोला फोन केला, तर म्हणाली, परत एकदा करून बघ. हिला कोण समजावणार.

७ तारीख
घोळ. पावडर वितळून मशीनमधल्या क्रुसिबलला, तापवायच्या वाटीला, काचेसारखी चिकटलीय. क्रुसिबल प्लॅटिनमचं, लॅबमधलं एकुलतं एक. गाइड मॅडमनी विचारलं, कोणी खराब केलं? तोंडून निघून गेलं, माझ्याआधी ज्युनिअरचा नमुना होता. खोटं नाही. होताच. मॅडमनी तिला मशीनला हात लावायची बंदी केली. सोमवारी तिचा सेमिनार, आणि शेवटचे दोन नमुने तापवायचे राहिलेत.

८ तारीख
दिवसभर ती क्रुसिबल घासत होती. डोळे सुजलेले. मला जेवण गेलं नाही. उद्या नक्की सांगतो.

९ तारीख
मॅडम कामात. म्हणजे दार उघडं होतं, पण चेहरा कामातला होता.

१० तारीख, संध्याकाळी
ज्युनिअरने माझी उरलेली पावडर बारा वेळा धुतली, साध्या भट्टीत तापवली, हाताने वजन केलं. घट बारा टक्के. पुस्तकातलंच जुनं फॉस्फेट. माझा शोध म्हणजे न धुतलेलं आम्ल, आणि क्रुसिबलला चिकटलेलंही तेच. पहिल्या धुण्याच्या पाण्यात बुडवलेला लालभडक पीएच पेपर तिने माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, दादा, मॅडमना तुम्ही सांगाल ना? मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आत्ता जातो.

गेलो. मॅडम म्हणाल्या, बोला.

मी म्हणालो, पीएच पेपर संपलेत, मागवायला हवेत.

ज्युनिअर माझ्यामागे दारातच उभी होती. म्हणाली, आहेत ना दादा, अख्खा डबा आहे.