दुसऱ्या अंकात कोण हसलं

कामेन्दोल,
मंगळवार, ३ डिसेंबर

प्रिय नेव्याना,

तुझं पत्र शुक्रवारी पोहोचलं. मी बरी आहे, तूही बरी असशील. दवाखान्यातल्या जादा पाळ्या कमी झाल्या का, ते लिहिलं नाहीस. इथे थंडी पडली आहे. लाकडं मार्चपर्यंत पुरतील. कोबीचं पिंप भरून झालं. एक दिवसाआड खालून खारं पाणी काढते आणि वरून ओतते, नाहीतर तळाचा कोबी कुजतो. फाटकावरचा तुझ्या वडिलांच्या पुण्यस्मरणाचा कागद पावसाने ओघळला होता, फोटोतली एक मिशीच राहिली होती, म्हणून नवा छापून आणला. छापणारी मुलगी म्हणाली, "काकू, मजकूर तोच ठेवायचा?" म्हटलं, तोच ठेव, फक्त दहाच्या जागी अकरा वर्षं कर.

तीन पानांच्या पत्रात तू एकच गोष्ट विचारली आहेस. अंतोनमास्तरांनी पाठवलेलं तुझ्या नाटकाचं चित्रण तू कितीतरी वेळा पाहिलंस, आणि दुसऱ्या अंकात, सगळं सभागृह रडत असताना, एक बाई हसते ते तुला ऐकू येतं. ती वेलिकामावशी होती असं तुला कालिनाने कळवलं. तू तिला पत्र लिहिणार आहेस, आणि ते सौम्य नसेल, असं म्हणतेस. ते पत्र टाकलं नसशील तर हे वाचून होईपर्यंत थांब. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस आणि मग मी तुला आवडेल तेच सांगते.

त्या संध्याकाळचं क्रमाने सांगते. लोकांना कसं वाटलं, हेही तुला हवंच आहे.

वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. मी दुपारीच झाडून शेगडी पेटवली होती, तरी लोक कोट घालूनच बसले. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मधल्या खोलीतले बाक आणले. मला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारच्या खुर्चीवर कुणी बसेना, विधवेच्या शेजारी नाटकभर काय बोलायचं म्हणून असेल. वेलिका उशिरा आली आणि तीच जागा उरली होती.

पहिला अंक लोकांना फार आवडला. औषधवाला बोयान तुझे वडील झाला होता. आवाज त्याने बरा काढला, पण पाना असा धरला की मागून कुणीतरी म्हणालं, "बोयान, पाना आहे तो, थर्मामीटर नाही." सगळे हसले, मीही हसले. ल्यूबेनही हसला असता. पंप स्टेजवर आणला तेव्हा म्हातारा पेत्को मोठ्याने म्हणाला, "पंप हिरवा नव्हता, करडा होता."

त्याची बायको म्हणाली, "अहो, नाटक आहे ते."

"नाटक असलं म्हणून काय झालं? पंपाने रंग बदलायचा का?"

मध्यंतरात सरपंच दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाले, "दोब्रिनाबाई, पोरीने गावाचं नाव काढलं. गावासाठी जीव देणारा माणूस कसा असतो ते आमच्या मुलांना दिसलं." डोळे ओले होते त्यांचे. खोटे नव्हते. माणसाला स्वतःबद्दल चांगलं ऐकलं की खरंच रडू येतं.

मग दुसरा अंक. फाटक, सकाळ. कालिना माझी भूमिका करत होती. डोक्याला काळा रुमाल बांधून आली, नवरा अजून समोर उभा असताना. ती त्याच्या पाया पडते, "जाऊ नकोस" म्हणते. तो म्हणतो, "गाव तहानलं आहे, दोब्रिना." पुस्तकांत मी पाहिलं आहे, माणसं मरायच्या आधी फार नीट बोलतात. मग ती उठते, तांब्याची कळशी उचलते आणि त्याच्या वाटेवर पाणी ओतते, काम पाण्यासारखं सरळ जावं म्हणून. कळशी भरलेली होती. पाणी फळ्यांवरून वाहत पहिल्या रांगेपर्यंत आलं, माझ्या बुटांपाशी. सभागृहात हुंदके होते.

तेव्हा ते हसू आलं.

लांब नव्हतं, पण लपण्यासारखंही नव्हतं. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. वेलिका खाली वाकली होती आणि तिचा हात तोंडावर होता. लोकांना तेवढं पुरलं. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. पाहिलं असेल तर दयेने.

शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग बायका रांग लावून माझ्याकडे आल्या. माझे गाल त्यांच्या अश्रूंनी ओले झाले, माझ्या नाही. अंतोनमास्तरांनी दाराशी वही ठेवली होती, अभिप्राय लिहायला. दुसऱ्या दिवशी झाडताना मी वाचली. सरपंचांच्या बायकोने लिहिलं आहे, "अशी बायको मिळायला नशीब लागतं." बेकरीतल्या स्तोइंकाने लिहिलं आहे, "फार रडले, फार छान वाटलं." आणि खाली, नाव न घालता, कुणीतरी: "जी हसली तिला देव बघून घेईल."

देवाची वाट कुणी पाहिली नाही. पेन्शनरांच्या क्लबात वेलिका दर बुधवारी चीज घातलेली, पदरापदरांची बानित्सा भाजून आणते, तुला माहीत आहे, तिच्यासारखे पदर कुणाचे सुटत नाहीत. त्या बुधवारी परातीला कुणी हात लावला नाही. तिने ती त्याच फडक्यात बांधून परत नेली. बेकरीत स्तोइंका तिला पाव देते, पण काउंटरवर ठेवून, हातात नाही. आता नाताळाच्या आधीच्या रविवारी दुसरा प्रयोग आहे, तालुक्याहून माणसं येणार आहेत, आणि अंतोनमास्तर मला म्हणाले, "वेलिकाबाईंना दारातूनच परत पाठवायचं, मी तिकिटवालीला सांगून ठेवलंय. तुम्हाला पुन्हा त्रास नको."

मी म्हटलं, "बरं."

हा शब्द लिहायला मला कालचा सगळा दिवस लागला, नेव्याना. मी "बरं" म्हटलं.

मास्तरांना तसं म्हटलं त्याच संध्याकाळी वेलिका कुंपणापलीकडे शेळीला चारा टाकत होती. तीन आठवड्यांत आम्ही बोललो नव्हतो. मी विचारलं, "खोकला कसा आहे?"

"खोकला बरा आहे. त्या दिवशी जास्त होता. तोंडावर हात ठेवून दाबत होते, तुझ्या पोरीच्या नाटकात अडथळा नको म्हणून. चांगलं फळ मिळालं."

"तू सांगितलं का नाहीस कुणाला?"

"काय सांगू? माझ्या शेजारची हसली? ल्यूबेनची बायको? मला वेडी म्हणतील." तिने चाऱ्याचं दाताळं भिंतीला टेकवलं. "आणि तू सांगणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. तेव्हा तरी कुठे सांगितलंस?"

ती आत गेली. मी तिथेच उभी राहिले. शेळी माझ्याकडे बघत रवंथ करत होती.

तर, मी हसले. तू ऐकतेस ते हसू तुझ्या आईचं आहे.

तुझ्या लिहिण्याला हसले नाही. पाण्याला हसले. त्या उन्हाळ्यात तू शहरात आजीकडे होतीस, चौदा वर्षांची. नळाला तीन दिवसांतून एकदा, दोन तास पाणी यायचं आणि मग तेही बंद झालं, कारण खालच्या विहिरीत बसवलेला, ल्यूबेन सांभाळायचा तो पंप अडकला. आम्ही भांडी घासलेलं पाणी टोमॅटोला घालत होतो. कळशीभर पाणी रस्त्यावर ओतणाऱ्या बाईला गावाने दगड मारले असते. आणि तू ते माझ्या हातात दिलंस, भरून, आणि लोक रडले, तेच लोक. माझ्या बुटांपर्यंत पाणी आलं आणि मला आवरलं नाही.

एवढंच असतं तर मी दुसऱ्या दिवशीच सांगितलं असतं. हसून सांगितलं असतं, सगळे हसले असते, पेत्कोचा करडा पंप आणि माझी कोरडी कळशी. मी सांगितलं नाही, कारण लोकांनी विचारलं असतं, मग खरं काय झालं होतं? त्यातल्या निम्म्यांना माहीत आहे. ते स्वतः तिथे होते.

त्या सकाळी ल्यूबेन पहाटेच विहिरीवर जाऊन आला. कंदील पेटवून दोरीने खाली सोडला, तो अर्ध्यावर विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. परत येऊन मला म्हणाला, "खाली वायू साठलाय. शहरातून यंत्र घेऊन माणसं येतील, उद्या किंवा परवा. तोवर कुणी उतरायचं नाही." आणि बनियनवरच पाव खायला बसला. माझ्या ओसरीत साठ किलो ढोबळ्या मिरच्या होत्या, भाजून हिवाळ्यासाठी बरण्यांत भरायच्या, आणि धुवायला पाणी नव्हतं. प्रत्येक घरात तेच होतं. मिरच्या मऊ पडायला लागल्या होत्या.

मग लोक आले. पंधरावीस जण, फाटकापाशी. आता सरपंच आहेत ते, तेव्हा त्यांचं दुकान होतं. स्तोइंका होती, पेत्को होता. ओरडत होते. ल्यूबेन पाव हातात घेऊन बाहेर गेला आणि शांतपणे कंदिलाचं सांगितलं. दोनदा विझला म्हणाला. ते ऐकून लोक गप्प झाले होते, बाळ. काहीजण परत वळलेही होते.

आणि मी दारातून म्हणाले, "कंदिलात तेल नसेल. याला पाण्यापेक्षा सबबी लवकर सापडतात."

सगळे हसले. खूप हसले. इतके दिवस कुणी हसलं नव्हतं त्या गावात. मला बरं वाटलं, हे तुला लिहायलाच हवं. सगळं फाटक माझ्या एका वाक्यावर हसलं आणि मला बरं वाटलं. वेलिका तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "दोब्रिना, गप. राहू दे त्याला. शहरातली माणसं येऊ देत." मी तिला म्हटलं, तुझ्याकडे मिरच्या कुठे आहेत, तुला काय कळणार.

ल्यूबेनने पावाचा उरलेला तुकडा कठड्यावर ठेवला, आत येऊन बूट घातले आणि गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाणी ओतलं नाही, पाया पडले नाही, "जपून" सुद्धा म्हटलं नाही. मी मिरच्या निवडत बसले.

दफनाच्या दिवशी तू शहरातून आलीस आणि विचारलंस, "तू त्यांना जाऊ का दिलंस?" मी म्हटलं, मी रडले, पाया पडले, त्यांनी ऐकलं नाही. ते तेव्हाच बनवलेलं होतं, तुझ्या तोंडाकडे बघून. मग ते तसंच राहिलं. फाटकापाशी असलेल्यांनी मला कधी अडवलं नाही, मीही त्यांना अडवलं नाही. त्यांच्या हसण्याबद्दल मी बोलले नाही, माझ्या वाक्याबद्दल ते बोलले नाहीत. अकरा वर्षं असंच चाललं, आणि आता त्यावर तुझं नाटक झालं, ज्यात फाटकापाशी कुणीच नाही. त्यांना ते का आवडणार नाही? तुझी चूक काढत नाही. मी दिलं ते तू लिहिलंस. पाणी तेवढं तुझं.

म्हणून त्या दिवशी जी एकटी हसली नव्हती, तिला गाव आता हसली म्हणून वाळीत टाकतं आहे, आणि मी त्याला "बरं" म्हटलं. एवढ्या वर्षांत वेलिकाला मी कधी धड घरात घेतलं नाही. तू विचारायचीस, मावशीशी तुझं काय बिनसलंय. बिनसलं काहीच नाही. तिने ते ऐकलं होतं.

शनिवारी तालीम आहे. अंतोनमास्तरांचं म्हणणं, दुसऱ्या प्रयोगाच्या शेवटी कळशी मी स्वतः घेऊन स्टेजवर यावं, तालुक्याचे पाहुणे फुलं देतील. तुलाही ते हवं आहे, तू लिहिलं आहेस. शनिवारी मी कळशी नेणार नाही. वेलिका येईल म्हणाली तर तिला बरोबर नेईन, नाही म्हणाली तर एकटी जाईन, आणि कोण हसलं ते सांगेन, आणि का, तेही. सरपंच तालमीला असतात. स्तोइंकाही असते, ती पडदा ओढते. पुढे काय होईल माहीत नाही. वाचनालयाची किल्ली परत मागतील कदाचित. तेवढं एक जाईल याचं वाईट वाटतं, कपाटातले शेवटचे दोन कप्पे वाचायचे राहिले आहेत.

हे पत्र मी गुरुवारच्या बसने आधी पाठवते आहे. ते गेलं की शनिवारी मला गप्प बसता येणार नाही. मी स्वतःला ओळखते.

नाटकाचं काय करायचं ते तू ठरव. ठेवलंस तर फाटकापाशी लोक उभे कर आणि मला माझं वाक्य दे, जसं लिहिलं आहे तसंच. कालिनाला ते म्हणता येईल, सोपं आहे. लोक हसतील तिथे. हसू दे.

मला लगेच उत्तर नको. आधी वेलिकामावशीला लिही, काय लिहायचं ते तुला कळेल.

तुला अजून चालत असेन तर तुझी आई,
दोब्रिना