दुखणं बसलं

सोमवार, ४ तारीख
नोकरी लागली. दवाखान्याच्या मागची खोली मिळाली. खिडकीला नवी जाळी आहे आणि पलंग करकरत नाही. काम सोपं. ऑपरेशन झालं की ट्रे, कात्र्या, चिमटे धुवायचे आणि तपासणीला जाणाऱ्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. शाळा सातवीत सुटली, पण शुद्धलेखनात मी कुणाला हार गेलेलो नाही. सिस्टर अपेंडिक्सच्या चिठ्ठीवर ‘आत्रपुछ’ लिहीत. मी ‘आंत्रपुच्छ’ करून दिलं. मोठे डॉक्टर हसून म्हणाले, चला, आता निदान शेपटं तरी शुद्ध निघतील.

गुरुवार, ७ तारीख
आज आंत्रपुच्छ जवळून पाहिलं. करंगळीएवढं, पण सुजून तट्ट. टोक हिरवट काळं, वर पिवळा पू सायीसारखा चिकटलेला. चिमट्याने उचललं तर वळलं. आपल्याच वजनाने वळतं, हे कळतं. तरी साबण संपेपर्यंत हात धूत राहिलो. आयाबाई, जिला सगळे मावशी म्हणतात, म्हणाली, सवय होईल रे, मी तर डबाही इथेच खाते. मला जेवण गेलं नाही.

सोमवार, ११ तारीख
सकाळी बेंबीभोवती दुखू लागलं, दुपारपर्यंत उजवीकडे खाली सरकलं. उलटी झाली. डॉक्टरांनी पोट दाबून सोडलं, सोडताना कळवळलो. सोनोग्राफी पाहून म्हणाले, सुजलंय, फुटलेलं नाही. औषधाने बऱ्याच जणांचं शांत होतं, काहींचं पुन्हा उलटतं; कापून काढलं तर कायमची कटकट मिटते. मी औषध म्हणालो. माझ्या आतलं तसलं काही त्या ट्रेमध्ये पडलेलं मला बघवणार नाही. डॉक्टर म्हणाले, ठीक, पण सकाळपर्यंत दुखणं कमी झालं नाही तर सरळ टेबलावर. सलाईनमधून औषध सुरू झालं.

मंगळवार, १२ तारीख
डॉक्टर घाईत होते. दारातूनच विचारलं, काय रे, बसलं का दुखणं? मी म्हणालो, हो, बसलं. मला म्हणायचं होतं की इकडेतिकडे फिरायचं थांबून ते उजव्या कुशीत ठाण मांडून बसलंय. ते शाब्बास म्हणाले आणि बाहेरगावी ऑपरेशनला निघून गेले. गाडी सुरू झाल्याचं ऐकलं, तेव्हा त्यांनी ‘बसलं’ म्हणजे ‘ओसरलं’ असा अर्थ घेतला, ते ध्यानात आलं. सिस्टरना सांगायला हवं. पण सांगितलं की सुरी.
सांगितलं नाही.

बुधवार, १३ तारीख
बसलंच आहे. मी कूस बदलली की तेही बदलतं, मग पुन्हा नीट बसतं. तोंडाला घाण वास येतोय, नासलेल्या पाण्यासारखा. मावशीने नाक दाबलं, म्हणाली, दात घास की बाबा. सिस्टरनी थर्मामीटर दिला. मी तो जिभेखाली न ठेवता नुसता ओठांत धरला.

गुरुवार, १४ तारीख, सकाळ
उठलं. आतून रेटतंय — पाय लांब करवत नाही — सिस्टर आल्या की हसतो —

दुपार
थांबलं! एकदम. आत काहीतरी ढिलं पडलं आणि दुखणं संपलं. माझा चेहरा खुललेला पाहून मावशी म्हणाली, माझा जीव भांड्यात पडला. माझाही.

संध्याकाळ
पोट फळीसारखं. आत पातळ, गरम काहीतरी पसरतंय — पाठीपर्यंत — ढेकर आला, त्यात पुवाची चव —
सिस्टरनी पोटावर हात ठेवला, लगेच काढला. डॉक्टरांना फोन केला. ते अजून वाटेत आहेत. सिस्टर मला म्हणतात, अरे, परवाच तर बसलं म्हणालास —
बोलवत नाही. तोंड उघडलं की ते वर येतं. म्हणून लिहून दाखवतो. सिस्टर, बसलं म्हणजे गेलं नव्हे. आतच होतं. आता सगळीकडे — मला सुरी चालेल. कुणीही कापा. डॉक्टरांची वाट नका पा