डी ड्राइव्हमधलं अनुपमाचं बोलणं

मी, सूर्यकांत वासुदेव टिळेकर, वय बावन्न, मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त अबू धाबीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझी बायपास आहे. डॉक्टर 'इन्शाल्ला' म्हणाले, तेव्हा कागद काढला. मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. रक्ताचा आहे, तो गोळीने आटोक्यात आहे.

१. साताऱ्याचा फ्लॅट आणि बँकेतली सर्व शिल्लक माझी मुलगी इरा हिला. माझे थोरले बंधू फ्लॅटची चौकशी करायला येतील. त्यांना चहा द्यावा.

२. मुसफ्फ्याच्या वर्कशॉपमधली माझी मोजमापाची हत्यारं फोरमन हारुन यांना. सोळा वर्षांत उसनी नेलेली वस्तू न मागता परत करणारा हा एकच माणूस मला भेटला.

३. इरा बारा वर्षांची, म्हणजे कायद्याने अज्ञान आहे. (एरवी घरात अज्ञान कोण, हे तिला विचारावं.) माझ्यामागे तिचा पालक म्हणून तिचा मामा सुजीत याला नेमतो. हे तिला सांगितलं तेव्हा ती जेवत होती. मान वर न करता म्हणाली, "नो वे, बाबा. मामाने आईला डिलीट केलं."

हे तिला मीच शिकवलं. म्हणून पुढचं कलम.

४. माझी पत्नी अनुपमा साताऱ्यात आणि मी इथे, अशी चार वर्षं गेली. फोन परवडत नसे. ती कॅसेट भरायची आणि सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत घालून पाठवायची. अशा तेवीस कॅसेटी. त्यांत गॅस संपल्याची बातमी, माझ्या आईची नक्कल, मध्येच इराचं रडणं, आणि काही फक्त माझ्यासाठी. शहाण्णव साली ती गेली. इरा तेव्हा तीन वर्षांची; पुढे तिला मी इथे आणलं.

इथल्या उन्हाने फिती खराब व्हायला लागल्या, तेव्हा मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि कॅसेटी फेकल्या. आमचा फ्लॅट काझी कुटुंबाबरोबर शेअर केलेला, कॉम्प्युटर हॉलमध्ये. म्हणून फोल्डरला विंडोजचं कुलूप लावलं. फायलींची नावं हिरवी झाली, एवढाच फरक. मी लॉगिन केलं की त्या आपोआप उघडत, त्यामुळे चावीचा विचार कधी केला नाही. इराला म्हणालो, मोठी झालीस की ऐकवीन. स्वतः मात्र हेडफोन लावून ऐकायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, बातम्या.

गेल्या वर्षी मार्चमध्ये व्हायरस आला. सुजीत दुबईच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरच सांभाळतो. तो विंडोज नव्याने टाकायला आला. बसण्याआधी त्याने विचारलं, "दाजी, एखादं फोल्डर एन्क्रिप्ट केलंय का? असेल तर आधी चावी फ्लॉपीवर काढून घेतो. नंतर खलास, कुणालाच उघडता येणार नाही."

मी लोकांच्या रडण्याची टर उडवणारा माणूस. गेलेल्या बायकोचा आवाज कुलपात ठेवलाय, हे तिच्या भावाला चारचौघांत सांगायची मला लाज वाटली. म्हणालो, "काही नाही रे. यल्ला, उरक."

त्याने उरकलं. डी ड्राइव्हला हातही लावला नाही. तेवीस फायली जागच्या जागी, नावं हिरवी, पण चावी जुन्या विंडोजबरोबर गेली; एकही उघडेना. सुजीत तीन शुक्रवार येऊन खटपट करत बसला. शेवटी म्हणाला, "दाजी, चुकलं माझं. तुमच्या शब्दावर न जाता आधी स्वतः बघायला हवं होतं." तिच्या आवाजाला तोही मुकला होता. मी त्याला ते 'चुकलं माझं' गुमान घेऊ दिलं. वर सुजीतनेच तो आवाज घालवला असं इराला सांगितलं, साताऱ्याला फोनवर सांगितलं, दीड वर्ष सांगत राहिलो. त्याने एकदाही माझं नाव पुढे केलं नाही. पालक म्हणून तो का, असं कुणी विचारलं तर हे कलम दाखवावं.

काझी पतिपत्नी तेव्हा हॉलमध्येच होते. म्हणून साक्षीलाही त्यांनाच घेतलं आहे.

५. हार्ड डिस्क इरा आणि सुजीत दोघांची. ती उघडेल अशी आशा मी देऊ शकत नाही.

६. (सही करण्याआधी घातलेली भर.) चौथं कलम आज इराला वाचून दाखवलं. मग तिने विचारलं, "आई त्यात माझं नाव घ्यायची?"

हो म्हणालो.

"कसं घ्यायची?"

मी म्हणून दाखवलं. तसं नव्हतं ते. पुन्हा म्हटलं, तरी जमेना.

तिने उठून मामाला फोन लावला, आणि त्याला आईसारखं म्हणता येतं का, ते विचारलं.

सही: सू. वा. टिळेकर
साक्षीदार: १. हम्माद काझी २. शहनाझ काझी
अबू धाबी, शुक्रवार, १६ सप्टेंबर २००५