बारीक धार

८ जानेवारी

बसला एकदाचा नवा गीझर. जुन्याची टाकी तळातून गळायला लागली होती, बाथरूमच्या भिंतीला पोपडे आले होते. याला टाकीच नाही. पाणी साठवायचं नाही, तापेपर्यंत ताटकळायचं नाही. नळ सोडला की आत टक टक टक ठिणगी पडते, भुस्स करून जाळ पेटतो आणि पाणी जाता जाताच तापतं. नळ बंद केला की जाळही बंद. मी उगाचच दोनदा हात धुतले.

बाबा दारात उभे राहून बघत होते. "साठाच नाही, मग भरवसा कशाचा?" पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन म्हणून जन्म गेला त्यांचा. अर्ध्या शहराचं पाणी त्यांच्या हातानं सुटायचं आणि त्यांच्याच हातानं बंद व्हायचं. अजून आमच्या घरात एक नळ ठिबकलेला त्यांना खपत नाही.

१० जानेवारी

बाबा म्हणतात, पाणी गार येतं. मी जाऊन नळ सोडला – हात भाजता भाजता राहिला. "हे गार?"

११ जानेवारी

पुन्हा गार म्हणे.

१३ जानेवारी

गीझरवाल्याला बोलावलं. त्यानं नळ पूर्ण सोडला, पाणी कढत. बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा कढत. "यंत्रात काही खोट नाही, ताई." जाताना जिन्यात आवाज खाली आणून म्हणाला, "वय झालं की होतं असं. माझ्या सासऱ्यांना भर उन्हात थंडी वाजायची."

त्याला कोणी विचारलं होतं? चहा टाकणार होते, नाही टाकला.

१४ जानेवारी

दादाचा फोन. गीझरचं त्याला बोलून बसले, तीच चूक. तो म्हणाला, "तुला दिसत नाही का? किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या. तुला आत्या समजून हाक मारली. आता कढत पाणी गार लागतंय." त्यानं एक जागाही बघून ठेवली आहे. नर्स असते, डॉक्टर येतात, बाग आहे. बाग! बाबा काय गुलाब आहेत?

शेवटी ठरलं ते असं – मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं. बावीस तारखेची वेळ मिळाली आहे. "आणि ते म्हणाले, घरी सांभाळणं कठीण आहे, तर मग हट्ट करायचा नाहीस." मी हो म्हटलं. हे घर बाबांशिवाय मला नको आहे.

१७ जानेवारी

अंघोळ झाली म्हणाले. टॉवेल कोरडा ठणठणीत. मी भांडले. "खोटं कशाला बोलता?"

"मग काय गार पाण्यानं करू?"

ओठ थरथरत होते. रागानं की थंडीनं, कळेना. दुकानात आज एका बाईंना भलत्याच नंबरचा चष्मा काढून दिला. त्या हसल्या म्हणून निभावलं.

१९ जानेवारी

नीट लिहायला हवं, पण हात थांबत नाही.

दुकानाला सुट्टी. बाबा अंघोळीला गेले, मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. नळ सुटल्याचा आवाज आला. बादलीत बारीक धार. टक टक नाही. भुस्स नाही. घडी हातातच राहिली.

"बाबा, नळ किती सोडलाय?"

"पुरेसा."

"आणखी सोडा जरा."

"नासाडी कशाला?"

"माझ्यासाठी सोडा."

टक टक टक – भुस्स! आणि थोड्या वेळानं आतून, अगदी सावकाश, "आलं गं."

पाण्याला पुरेसा जोर असल्याशिवाय या गीझरचा जाळ पेटतच नाही. पाणी थोडंसंच असताना पेटला तर आतली नळी करपून जाईल, म्हणून तशी सोयच केलेली आहे. मी काय, गीझरवाला काय, तपासायला गेलो की नळ भसाभस सोडत होतो. बाबा जन्मभर करंगळीएवढी धार सोडत आले. जुन्या टाकीला त्याचं काही नव्हतं, तिच्यात पाणी आधीच तापलेलं असायचं. म्हणजे त्यांचं पाणी खरंच गार होतं. रोज! आणि मी त्यांना खोटं ठरवलं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवते, घरातलं मात्र दिसलं नाही.

आधी रडले, मग हसत सुटले. दादाला फोन केला.

"बरं, गीझरचं कळलं. किल्ल्यांचं काय?"

"मीही विसरते."

"आणि आत्या?"

"मी दिसतेच आत्यासारखी."

फोन ठेवला आणि डॉक्टरांची वेळ रद्द करून टाकली. केवढं हलकं वाटलं.

२० जानेवारी

बाबांना उभं करून शिकवलं. नळ पूर्ण सोडायचा, टक टक ऐकायची, मग बादली खाली सरकवायची. नासाडीचा विचार करायचा नाही. त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली. एरवी त्यांनी मलाच नळावर व्याख्यान झोडलं असतं.

जाऊ दे. ऐकलं ना, झालं तर मग.

२१ जानेवारी

आरशावर वाफ. बाबा लालबुंद होऊन बाहेर आले, काहीतरी गुणगुणत. पोळी मागून घेतली. दादाला मुद्दाम कळवलं.

२३ जानेवारी

सकाळी बाथरूमच्या दाराखालून पाणी बाहेर आलं, पार माझ्या पायापर्यंत. हाका मारल्या. दार ढकललं. बादली भरून वाहते आहे, वाफच वाफ, नळ पूर्ण सुटलेला – मी शिकवला तसा. बाबा टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात अंग चोरून उभे. हात नळाकडे नेत होते, मागे घेत होते.

मला पाहून हळूच विचारलं, "हा बंद कुठल्या बाजूला होतो गं?"